नानांच्या खिडकीतला एसी

“काही बिघडलंय का? नाही ना? मग उघडायचं कशाला?” एवढं बोलून नाना दाराची कडी लावून घ्यायचे आणि मी पिंप्राळ्याच्या उन्हात उभा.

त्यांना तो खिडकीतला एसी मीच विकला होता. नव्वद सालाच्या आसपास आमच्या कॉलनीत तेवढा एकच. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, चैनीचं वावडं असलेले गृहस्थ. पण त्यांच्या पत्नीला, अक्कांना, अर्धांगवायू झाला आणि डॉक्टरांनी खोली गार ठेवायला सांगितली. नानांनी दुसऱ्याच दिवशी माझं दुकान गाठलं.

तेव्हापासून दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी त्यांच्या मागे लागायचो.

“नाना, वर्षातून एकदा मेकॅनिकला दाखवा.”

“जाळी मी दर रविवारी धुतो.”

“जाळी धुता हो, पण आतली कॉइल? वायरिंग?”

“तुला धंदा पाहिजे, दुसरं काय!”

असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्यावर धड रागावता येत नाही आणि त्याचं भलंही करता येत नाही. एकदा तर मी मेकॅनिकला फुकट घेऊन गेलो. नानांनी दोघांना उसाचा रस पाजला आणि तसंच परत पाठवलं. घरी येऊन मी उगाच बायकोवर चिडलो.

मग एका मे महिन्यात, भरदुपारी, नानांनी कुंपणावरून हाक मारली. एसी बंद पडला होता. खोली भट्टीसारखी तापलेली, अक्कांचा चेहरा लालबुंद, आणि नाना ओल्या टॉवेलने त्यांचं अंग पुसत होते. आमचा मेकॅनिक धुळ्याला. फोन लावला, तर तो उद्या येणार.

“अक्कांना माझ्याकडे आणा. मोठा कूलर आहे.”

“दुसऱ्याच्या घरी नको. होईल हे सुरू.”

माझं डोकं फिरलं. मी ओरडणार, तेवढ्यात अक्का बोलल्या. आजारपणाने जीभ जड झाल्यापासून त्या क्वचितच बोलत.

“मशीन ऱ्हाऊ द्या. माले लई चाला.”

नानांनी त्यांना उचललं आणि माझ्याकडे कूलरसमोर आणलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने एसी उघडला. कॉइलवर धुळीचा लगदा बसला होता, हवा जायला जागाच नव्हती. कॉम्प्रेसर जळाला होता.

“जाळी धुतली ते चांगलंच केलं काका, पण हे घरी निघत नाही,” तो म्हणाला.

ज्या क्षणाची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो आला, आणि मी नव्या कॉम्प्रेसरसाठी दुकानात फोन लावला. नवा कॉम्प्रेसर बसला. त्यानंतर दर वर्षी मेकॅनिकला नाना स्वतःच बोलवू लागले.

पुढे अक्का गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा मी डोकावलो, तर खोली गारेगार. रिकाम्या पलंगाशेजारी नाना शाल पांघरून, आखडून बसले होते.

“नाना, बंद करू का?”

“नको. तुझा मेकॅनिक म्हणालाय, बंद ठेवलं की बिघडतं.”

मेकॅनिक असं काही म्हणाला नव्हता. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसलो.