वर्धापनदिनाचा उपासनाक्रम

“पास्टर, इतिहासातलं एक वाक्यही मी गाळणार नाही,” सेक्रेटरी मनोहरराव म्हणाले. कमिटीच्या उरलेल्या सभासदांनी चहाच्या कपात पाहिले.

पनवेलच्या आमच्या लहानशा चर्चचा वर्धापनदिन येत्या रविवारी होता. बरीच वर्षे शाळेत शिकवून मी उशिरा पाळक झालो होतो. वर्गात मुलांपुढे बोलणे जमे, पण मोठ्यांपुढे बोलायचे म्हटले की मी अडखळे. कमिटीपुढे तर अधिकच.

प्रश्न एका वाक्याचा होता. चर्चचे पहिले छप्पर वादळात कोसळले होते. दर वर्धापनदिनाला मनोहरराव मंडळीचा इतिहास वाचत, आणि त्यात हमखास येई : ‘सुतार येशुदास यांच्या निष्काळजीपणामुळे छप्पर पडले.’ येशुदास केव्हाच प्रभूकडे गेले होते. त्यांच्या पत्नी राहेलबाई उरणला मुलीकडे राहत आणि वर्षातून याच एका दिवशी आमच्याकडे येत. ते वाक्य आले की उठून निघून जात. त्यानंतर प्रभुभोजन होई. म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेऊन ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करण्याचा विधी. पतीने बांधलेल्या चर्चमध्ये तो राहेलबाईंना कधीच मिळत नसे.

मनोहररावांच्या पत्नी मार्थाबाई म्हणजे राहेलबाईंची धाकटी बहीण. त्या आदल्या दिवशीच मला भेटून गेल्या होत्या. “ताईला मुलगा नागपूरला घेऊन चाललाय. आता ती पुन्हा यायची नाही. एकदा तरी तिच्या शेजारी बसून प्रभुभोजन घेऊ द्या, पास्टर. यांना सांगून मी थकले.”

आता थकण्याची पाळी माझी होती.

“वादळ मोठं होतं, एवढंच लिहिलं तर?” मी विचारले.

“त्या वादळात बाजारातली छपरं पडली नाहीत.”

“प्रभुभोजनाचं मेजही येशुदासांनीच केलं ना?”

“मेजाचा इतिहासात उल्लेख नाही.”

“मग करा.”

“इतिहासात असं मागाहून घालता येत नाही. तुम्ही शिकलेले, तुम्हाला मी काय सांगायचं?”

यावरचे उत्तम उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले.

त्या आठवड्यात मी स्वतःशीच फार चिडलो. आम्हा ख्रिस्ती लोकांना आठवण ठेवण्याची आज्ञाच आहे. पण ज्या भोजनाची आठवण आम्ही करतो, त्या मेजावरचा एक शिष्य पुढे प्रभूला नाकारणार होता आणि बाकीचे पळून जाणार होते. प्रभूला ते ठाऊक होते, तरी त्याने आधी भाकर वाटली. आम्ही मात्र आधी चुका वाचून दाखवत होतो.

उपासनेत कशामागून काय यावे, हे पाळक ठरवतो. त्याला कमिटीची मंजुरी लागत नाही. शनिवारी मी नवा उपासनाक्रम दाराशी लावला.

मनोहरराव तडक घरी आले. “आधी प्रभुभोजन, मग इतिहास? हा क्रम मिशनच्या साहेबांनी घालून दिलाय!”

“साहेब तर विलायतेला गेले.”

“क्रम ठेवून गेले!”

“एक वाक्यही गाळलेलं नाही,” मी म्हणालो, आणि तेही न अडखळता.

रविवारी राहेलबाई शेवटच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, उठण्याच्या तयारीनेच बसल्या होत्या. मी भाकर हातात घेतली तशा त्या गोंधळल्या.

“इतिहास नाय वाचला?” त्यांनी मोठ्याने विचारले.

“मागून आहे. चल पुढं,” मार्थाबाई म्हणाल्या.

“आणि तुझा नवरा?”

“बसू दे त्यांना. तू चल.”

दोघी मेजापुढे गुडघे टेकून बसल्या. मी दोघींना भाकर दिली.

मग मनोहररावांनी इतिहास वाचला. ते वाक्य आले आणि राहेलबाई उठल्या. या वेळी त्यांची पिशवी घेऊन मार्थाबाईही उठल्या. मनोहररावांची ओळ चुकली. व्हरांड्यातून राहेलबाईंचा खणखणीत आवाज आला, “सागाचे वासे महाग पडतात, आंब्याचेच घाल, लवकर उरक, असं यांना तुझा नवराच म्हणाला होता. ठाऊक हाय ना तुला?”

“ठाऊक आहे गं ताई. चहा घे.”

हे सगळ्या मंडळीने ऐकले.

पुढच्या मीटिंगमध्ये मनोहररावांनी एकच ठराव मांडला : इतिहास वाचताना व्हरांड्याचे दार बंद ठेवावे. तो पास झाला. क्रमाबद्दल मात्र कोणी काही बोलले नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की मंडळीला तिचा इतिहास जरूर ऐकवावा, पण सगळ्यांचे जेवण झाल्यावर.