कंडक्टरच्या सासूची गोळी

त्या दिवशी खोलीत कोण कोण व्हतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की बुढी मनानंच सांगायली. मी व्हते. माझी नात व्हती, फार्मसीच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. औशाहून आलेली माझी धाकटी जाऊ व्हती, तिची कापडी पिशवी मांडीवर घेऊन. माझा लेक फोनमधी व्हता, उमरीहून. अन् एक बेडूक व्हता. त्याचं पुढं सांगते.

मी दुसरी पास. हे सगळं मी बोलायले अन् नात लिहायली. मधीच हसायली की मी थांबते, तिचं हसणं सरू द्यायचं, मंग पुन्हा बोलायचं.

खोली लातूरची, भाड्याची. लातूरला पोरं शिकायला ठेवायची अन् त्यांच्या सैपाकाला एक बुढी ठेवायची, ही इकडची रीतच हाय. आमच्या बोळात दर खोलीत एक बुढी. दिवस मावळताना साऱ्या ओट्यावर येऊन बसतेत अन् आपलं पोरगं किती अभ्यास करतंय ते एकमेकीला खोटं सांगतेत. मी बी सांगत व्हते. खरं सांगायचं तर माझ्या नातीचा एक विषय राहिला व्हता. औषधाचा विषय. त्यातलं बी हृदयाच्या अन् फुफ्फुसाच्या औषधापाशी तिचं गाडं अडायचं. बाकीचं सगळं घडाघडा, अन् तिथं आली की पंप बिघडलेल्या स्टोवावानी भकभक.

माझा लेक उमरीला पिठाची गिरणी चालवतो. तो वाईट न्हाई. पण दळण जसं एका फेरीत निघतंय तसा विषय निघावा, असं त्याला वाटतंय. त्यानं फोनवर सांगितलं, "माय, या बारीला निघला तर ठीक. न्हाई तर मी टेम्पो घेऊन येतो, दोघींचं बिस्तर गुंडाळून ठेवा."

नातीनं पुस्तक पुढं ओढलं. मी लसणाची परात ओढली. एकदा उमरीला गेली की ती पुन्हा यायची न्हाई, हे दोघींना ठाऊक व्हतं. मला तिसरीत असताना एका महिन्यासाठी घरी ठेवलं व्हतं, धाकटा भाऊ सांभाळायला. तो महिना अजून चालूच हाय.

आता माझं फुफ्फुस. ते मी भोकरच्या जिनिंगमधी ठेवून आले. माझे मालक वारल्यावर दोन लेकरं पदरात, मंग कापूस निवडायला गेले. नाकाला पदर बांधायचा अन् दिवसभर धुरळ्यात बसायचं. घरी येऊन नाक शिंकरलं की कापूस निघायचा. तेवढा जमवून ठेवला असता तर एक उशी झाली असती. मंग घरी चूल, चुलीत ओल्या तुरकाट्या. आता दम लागतोय. डाक्टरनं निळा पंप दिलाय, तोंडात धरून ओढायचा. पंप ओढला की दम बसतोय, पण मंग छाती धडधड करायली. एकाचं करायला गेलं की दुसरं रुसतंय, दोन सुना असल्यावानी.

नातीला मनात वाचून काही राहत न्हाई. तिला मोठ्यानं बोलावं लागतंय, अन् ऐकायला कुणी तरी समोर लागतंय. भिंतीपेक्षा मी बरी, मी लसूण तरी सोलते. तर ती येरझाऱ्या घालत सांगायची अन् मी ऐकायची.

"आज्जी, हृदयाला एक कुलूप असतंय. फुफ्फुसाला बी एक असतंय. तुझा पंप म्हणजे फुफ्फुसाच्या कुलपाची किल्ली. ती लागली की नळ्या उघडतेत."

"मंग छाती काहून धडधडती?"

"दोन्ही कुलपं बहिणी-बहिणी हायत. किल्ली थोडी थोडी तिकडं बी लागती."

"बरं. पुढं."

"अन् काही गोळ्या कुलपात बसून दारच बंद करतेत. हृदयाचं दार बंद केलं की धडधड कमी. पण जी जुनी गोळी हाय तिला दोन दारातला फरकच कळत न्हाई. ती दोन्ही बंद करती."

"आपल्या तलाठ्यावानी," मी म्हणलं. "एकाच्या शेताचं काम सांगा, दोघांचं अडवून ठेवतोय."

नात खाली बसून हसली. तलाठी मात्र तिच्या ध्यानात राहिला. पण पुस्तकात तलाठी न्हवता, म्हणून पुस्तक उघडलं की पुन्हा भकभक.

तोंडी परीक्षा चार दिवसावर आली अन् माझी जाऊ आली. गुडघे दाखवायला लातूरला आली व्हती, डाक्टरनं सांगितलं वजन कमी करा, म्हणून रागानं जेवायला माझ्याकडं आली. नात कॉम्प्युटरवर बेडूक घेऊन बसलेली. आता कॉलेजात खरा बेडूक कापत न्हाईत, कॉम्प्युटरात असतोय. बटन दाबलं की त्याच्या हृदयावर औषध पडतंय अन् रेघ वर-खाली व्हती. जास्त औषध पडलं तर मरतोय. दुसरं बटन दाबलं की पुन्हा जित्ता.

जावेनं बराच वेळ बघितलं. "बाई, पोरगी शिकायली का बेडकासंगं खेळायली?"

"परीक्षा हाय तिची."

"बेडकाला काय झालंय?"

"काही न्हाई झालं, काकी," नात म्हणली. बापाचं ऐकून ती बी तिला काकीच म्हणती.

"मंग गोळ्या काहून द्यायली त्याला? दुखतंय मला अन् औषध बेडकाला."

जेवणं झाली. नात कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली. मी पंप ओढला, अन् ओढल्यावर छाती धडधडायली म्हणून तिथं हात ठेवून बसले. जावेनं ते बघितलं. आता तिची पिशवी सांगायला पाहिजे. पिशवीत तिची चंची हाय. आमच्या सासूबाईची तंबाखूची चंची, चार कप्प्यांची. तिच्यात जाऊ गोळ्या ठेवती. पण अख्खं पाकीट न्हाई. आमच्याकडं शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तशा गोळ्या देतेत. कैची घ्यायची, पाकिटाच्या दोन गोळ्या कापायच्या, द्यायच्या. पुढं आपल्याला लागली तर तिनं द्यायची. औशातल्या त्यांच्या गल्लीत कुणाच्या बी घरची गोळी कुणाच्या बी पोटात असती. अन् कापताना पाकिटावरचं नाव कुठं तिसऱ्याच तुकड्यावर जातंय.

"धडधडतंय का?" जाऊ म्हणली. "थांबा. लई भारी गोळी हाय माझ्यापाशी. कंडक्टरच्या सासूची."

"कोण कंडक्टर?"

"आमच्या मागं राहतोय त्यो. त्याच्या सासूचे हात थरथरायचे, छाती धडधडायची. एक गोळी घेतली की गप. मी बी घेतली व्हती मागं, माझी बी गप."

नातीनं मला दहा बार सांगितलं व्हतं, आज्जी दुसऱ्याची गोळी घ्यायची न्हाई. पण ती खाली व्हती. अन् फुकटचं औषध नाकारायची आमच्या जिंदगीला सवय न्हाई. घेतली. पाणी पिले. जावेनं चंची पिशवीत, पिशवी मांडीवर, अन् आम्ही दोघी भिंतीला टेकलो, देवळातल्या बायांवानी.

धडधड खरंच गेली. मी म्हणलं, कंडक्टरची सासू नशीबवान हाय. मंग तासाभरानं छातीवर कुणी तरी जात्याची तळी ठेवल्यावानी झालं. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना. शिट्टी वाजायली. नात झेरॉक्स घेऊन आलेली, तिनं पळत पंप आणला. ओढला. काही न्हाई. पुन्हा ओढला. पाणी ओढल्यावानी, काहीच न्हाई.

नात हाताची नाडी धरून घड्याळाकडं बघत बसली. तेवढ्यात फोन वाजला. लेक. तिनं तो जिमिनीवर ठेवला, आवाज मोठा करून.

"कुठवर आलाय अभ्यास?" लेक इचारायलाय.

"बाबा, थांबा," ती म्हणली. बापाला थांबा म्हणलेलं मी पयल्यांदा ऐकलं. मंग माझ्याकडं बघून, "आज्जी, काय खाल्लंस?"

"भाकर."

"गोळी कोणती खाल्लीस?"

"न्हाई खाल्ली."

"आज्जी, दम लागला की नाडी पळत असती. तुझी अठ्ठेचाळीस हाय. अन् पंप चालंना. कुणी तरी दोन्ही दारं बंद केलीत. कोणती गोळी खाल्लीस?"

मी जावेकडं बघितलं. जाऊ छताकडं बघायली. फोनमधून लेक, "माय? काय झालं माय?"

"काकी, पिशवी द्या."

"माझी पिशवी कुणी उघडायची न्हाई," जाऊ म्हणली. "माझ्या मालकानं बी कधी उघडली न्हाई."

नातीनं उघडली. चंची जिमिनीवर उलटी केली. लाल, पांढऱ्या, पिवळ्या, सगळे कापलेले तुकडे, एकावर बी धड नाव न्हाई. जाऊ बोट लावून सांगायली, "ही पाटलीणबाईची, पित्ताची. ही सोनारणीची, गुडघ्याची. ही..." तिचं बोट थांबलं. मंग बारीक आवाजात, "ही कंडक्टरच्या सासूची. ही दिली. मी काय इख दिलं का गं?"

"कशाची हाय ही?"

"धडधडीची. अन् हात थरथरायची."

नातीनं तो तुकडा उजेडाला धरला. तिचे ओठ हलायले. मला वाटलं रामनाम घ्यायली. ती तलाठी आठवून राहिली व्हती, हे तिनं मला मागून सांगितलं. मंग ती उठली अन् आटो बोलावला.

दवाखान्यात डाक्टर जवान पोरगा व्हता. तो मला पंपाचीच वाफ द्यायला निघला. नात मधी पडली. "सर, धडधड थांबवायची जुनी गोळी खाल्लीय हिनं. नाडी बघा. पंपाचं औषध लागू व्हईना, त्याचं दार बंद हाय. नळ्या दुसऱ्या रस्त्यानं उघडतंय ते द्या." अन् इंग्रजीत एक लांबलचक नाव घेतलं. तेच नाव, ज्याच्यावर ती महिनाभर अडकायची. न अडकता घेतलं.

डाक्टरनं नाडी बघितली. "कोण तुम्ही?"

"फार्मसीला हाय. हा विषय राहिलाय माझा."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मंग नर्सला त्या नावाचं औषध वाफेत टाकायला सांगितलं. नाकाला नळी लावली. दिवस मावळेपर्यंत जात्याची तळी हळूहळू सरकली. मरायचं भ्या वाटलं का, असं बोळातल्या पोरी इचारतेत. मला वाटत व्हतं, आता माझ्यापायी हिचा अभ्यास बुडाला. डाक्टर जावेला लई बोलला. तिनं सगळं मान खाली घालून ऐकलं, अन् शेवटी इचारलं, "साहेब, आता आलेच हाय तर गुडघ्याची एखादी गोळी द्या."

दुसऱ्या दिवशी लेक दवाखान्यात आला. टेम्पो न आणता, एसटीनं. स्टुलावर बसला. पीठ अजून भुवईवर. मला न बोलता पोरीला इचारलं, "किती दिवस बुडाले?"

"दोन."

"मंग राहिला का विषय?"

"परीक्षा अजून व्हायचीय, बाबा."

परीक्षेच्या दिवशी मला दवाखान्यातून सोडलं. घरी एकटी नको म्हणून नात मला तसंच कॉलेजात घेऊन गेली अन् लिंबाच्या झाडाखाली बसवलं, शेंगा घेऊन दिल्या. आतलं तिनं सांगितलेलं सांगते. बाहेरगावचे सर आले व्हते. त्यांनी बीपीच्या गोळ्या इचारल्या. हिला एक आठवंना. छातीतलं पाणी कमी करायचं औषध इचारलं. आठवंना. सर वैतागले. "तुम्हाला नेमकं येतंय तरी काय?"

नात म्हणली, "सर, एक बाई आली. वय सत्तरच्या वर. दम्याची. शेजारणीची गोळी खाऊन आली, पाकिटावर नाव न्हाई. दम लागलेला, पण नाडी अठ्ठेचाळीस. पंप लागू व्हईना." अन् मंग सगळं सांगितलं. कुलूप, दोन्ही दारं, दुसरा रस्ता. तलाठी फक्त सोडला. सर खुर्चीत पुढं सरकून बसले अन् मधी मधी खोचून इचारायले. पंप किती बार दिला, नाडी किती वेळ मोजली, अजून कोणत्या गोळीनं असं व्हतंय. हिनं सांगितलं.

शेवटी इचारलं, "मग वाचली का बाई?"

"हाव सर. खाली बसलीय."

सरांनी खिडकीतून खाली बघितलं. मी टरफलं गोळा करायले व्हते.

निकाल लागला. काठावर पास. एक मार्क कमी असता तर गेली असती. लेकाला फोन केला. गिरणीचा आवाज येत व्हता, तो बंद केला त्यानं. "निघला?"

"निघला."

"बरं," म्हणला, अन् गिरणी पुन्हा चालू केली.

माझी धडधड अजून हाय. पंप ओढला की येती, थोड्या वेळानं जाती. येऊ दे. बोळातल्या बुढ्यांना मी सांगितलं, माझ्या नातीनं मला वाचवलं. त्यांना वाटलं खोटं सांगायली.

आता हे वाचणाऱ्याला माझं एकच सांगणं हाय. पाकीट कापू नका. कापायचंच असंल तर नाव आपल्या गोळ्यांकडं राहू द्या, अन् कापलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. अन् कुणी औशाला जाणार असंल तर माझ्या जावेला काही बी द्या, भाकर द्या, साडी द्या, गोळी तेवढी देऊ नका.