विहीर कोणाची?

समस्त शहादेकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घराण्याने एका एपीआयची रीतसर निवड केली असून त्या प्रसंगी चहा, शेव आणि अश्रू या तिन्हींचे वाटप झाले. अश्रू माझेच होते. हसून हसून आले.

झालं असं. माझी भाची पुण्याहून इंजिनिअर होऊन आली आणि बसस्टँडासमोरच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, लॅमिनेशनच्या मशीनशेजारी बसून तिने एक वेबसाइट उभी केली. आपल्या भागातल्या नोकऱ्या एका जागी दाखवणारी. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दाजींना, हा उद्योग मुळीच मान्य नव्हता. पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं होतं. दाजी म्हणाले, "आपल्या भागातली एक खरी नोकरी दाखव. मला पटली तर राहा इथेच. नाही तर बॅग भर."

नोकऱ्या आणायच्या कुठून? त्यासाठी एपीआय, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडची माहिती थेट आपल्या वेबसाइटवर आणणारी जोडणी. हा पदार्थ दाजींना मीच समजावला. "दाजी, दुसऱ्याच्या विहिरीवर आपली मोटर. पाणी त्यांचं, नळ आपला."

दाजींनी लगेच विचारलं, "विहीर कोनी शे?"

इथून पुढे जे झालं त्याला बघण्याचा कार्यक्रमच म्हणावं लागेल. एपीआयची दोन स्थळं होती, एक फुकट, एक पैसेवालं पण काही दिवस वापरून बघा म्हणणारं. दाजी खुर्चीत मागे रेलले, चष्मा पुसला आणि कंपनी मूळची कुठली, धंद्यात किती वर्षं, मागे माणसं कोण, असं सगळं कूळ काढायला बसले. भाचीने बिचारीने गंभीर चेहऱ्याने उत्तरं दिली.

फुकटचं स्थळ आधी आलं. पडद्यावर भराभरा नोकऱ्या उतरल्या, प्रत्येकीपुढे 'तपासलेली' अशी हिरवी खूण. पहिली एका कापसाच्या जिनिंगमधली. दाजी उसळले,

"अरे, हाई जिनिंग ते बंद पडनी! तठे आते बकऱ्या बांधतस!"

दुसरी धानोऱ्याची. पत्ता वाचला तर ते धानोरा भलत्याच जिल्ह्यातलं. तिसरी सुरतेची. दाजींना लॉटरी लागल्यासारखा आनंद झाला. भाचीचा चेहरा मात्र उतरत चालला. बॅग मला डोळ्यांसमोर दिसायला लागली.

मग दुसरं स्थळ. इथे नोकऱ्या मोजक्याच. त्यातली एक केळी पॅकिंगच्या शेडवर हिशेबनीस हवा, अशी. मालक दाजींच्या ओळखीचा. खोटं पाडायला याहून सोपं काय? दाजींनी तिथल्या तिथे फोन लावला, तोही स्पीकरवर, म्हणजे आम्हाला पराभव नीट ऐकू यावा.

मालक म्हणाला, "हाव भाऊ, पाहिजे ना. जावईनी टाकी जाहिरात."

आता दाजी फोन ठेवतील असं मला वाटलं. पण अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक शेतकरी वर्षभरासाठी सालदार गडी ठरवत असतो आणि पगाराबरोबर धान्य, कपडे, चपला यांची घासाघीस चालते. दाजी त्याच तंद्रीत होते. फक्त या खेपेला ते, कसे कोण जाणे, मालकाऐवजी नोकराच्या बाजूने उतरले.

"पगार काय देशी? चहा दोनदा? आन् चपला?"

"भाऊ, हिशोब लिखाले माणूस पाहिजे माले, चपला कसाले?"

"मंग तो काय अनवानी येई का?"

चपला मंजूर झाल्या. दाजींनी विजयी मुद्रेने फोन ठेवला आणि लेकीला फर्मावलं, "लिही. चपला."

"मामा," भाची माझ्या कानाशी कुजबुजली, "एपीआयमध्ये चपलांचा रकानाच नाही हो."

"मग आपण करू," मी म्हणालो. तिने केला. दाजी तोवर पुढच्या नोकरीचा नंबर फिरवत होते. कोण जुना, कोण चिकट, कोणाच्या शेडला पंखा नाही, सगळं बोलत होते आणि भाची टाइप करत होती. बॅगेचं नाव कोणी काढेना.

तेवढ्यात चार्जिंगला लावलेला भाचीचा फोन वाजला. दाजींना वाटलं, कोणी शेडवालाच. त्यांनीच उचलला आणि सवयीने स्पीकर लावला. पुण्याच्या कंपनीतल्या बाई गोड आवाजात विचारत होत्या, मॅडम रुजू कधी होणार?

दाजींनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे, आणि पुण्याशी प्रमाण मराठीत बोलायचं असतं हे साफ विसरून ओरडले, "पोर तठे येत नही! तुमले माणूस पाहिजे ना? मंग जाहिरात आमनाकडे द्या, चपला धरीसन!"