दाजींच्या ट्रकचं रिकामं वजन

जगात जी जी म्हणून वस्तू आहे तिचं वजन माझ्या साडूंना माहीत होतं, असं मी म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती फार तर पाच-दहा ग्रॅमची निघेल. माझी बायको मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायची, म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणत आलो. ढोकीच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क म्हणून त्यांनी बत्तीस हंगाम काढले. उसानं भरलेला ट्रक काट्यावर उभा राहायचा, त्याचं भरलेलं वजन व्हायचं. ऊस खाली करून तोच ट्रक परत यायचा, मग रिकामं वजन व्हायचं. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल. एवढीच विद्या, पण दाजींनी ती संसारात सगळीकडं लावली. चहाचा कप ते पिण्याआधी आणि प्यायल्यावर तोलून बघत. माझ्या लग्नात त्यांनी मला, म्हणजे खुद्द नवरदेवाला, पंगतीआधी आणि पंगतीनंतर धान्याच्या काट्यावर उभं केलं आणि चारचौघांत सांगितलं, "सर, नऊशे ग्रॅमच जेवलात. लाजू नका, घर आपलंच हाय." पुढं आकडा दाखवणारे लहान हुकाचे काटे बाजारात आले तेव्हा त्यांनी एक घेतला आणि तो कायम सदऱ्याच्या खिशात ठेवला. माझं एकुलतं एक पुस्तक छापून आलं, त्याची पहिली प्रत मी त्यांना दिली. त्यांनी ती पिशवीत घालून हुकाला अडकवली, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि म्हणाले, "तीनशे दहा. झोपून वाचलं तरी हात दुखायचं न्हाय." त्या पुस्तकावर आलेला तेवढाच एक अभिप्राय.

अशा या माणसानं जन्मात एकही वाहन चालवलं नव्हतं. त्यांचे वडील उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते आणि दाजी नऊ वर्षांचे असताना ट्रॉली उलटून ते गेले. तेरावं झाल्यावर आईनं मुलाला सोनारीला नेलं, काळभैरवनाथापुढं उभं केलं आणि कुठल्याही गाडीचं स्टेअरिंग धरणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. दाजींनी ती शपथ पाळली, आणि नुसती पाळली नाही, तर वाढवली. सायकललाही हँडल असतं म्हणून ते सायकलवर बसले नाहीत. बाजारात कुणी भाजीचा गाडा दोन मिनिटं धरायला सांगितला तर हात मागं बांधून उभे राहत. पण काट्याच्या खिडकीत बसून, मान वर न करता, येणारी गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे आणि मागचं कुठलं टायर बसलंय हे सांगत. निवृत्तीच्या दिवशी हाराचं वजन करून झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, बाकी काय राहिलं न्हाय. एकदा भरलेली गाडी चालवायची हुती. निस्ती ढोकी ते तेर. ते काय जमत न्हाय आता." एवढं बोलून ते हार खांद्यावर टाकून चालत घरी गेले.

पुढं एकदा धाराशिवच्या बसस्थानकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानात, मालक कॉम्प्युटरवर ट्रक चालवण्याचा गेम खेळत बसलेला त्यांनी पाहिला. टेबलाला लावलेलं खरं स्टेअरिंग, पायाखाली खरे ब्रेक, पडद्यावर रस्ता. दाजी अडीच तास तिथं उभे राहिले आणि ढोकीच्या दोन बस त्यांच्यासमोरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेरला माझ्या दारात हजर. माझी बायको जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि माझ्याकडं फारसं कुणी येत नव्हतं. त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं, "तुमचं इंग्रजी चांगलं हाय. आपल्याला गेमिंग कॉम्प्युटर जुळवायचाय." अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, निवृत्तीच्या पैशातून पंचेचाळीस हजार मंजूर केले होते आणि वर बजावलं होतं, "एवढ्यात बसतंय ते बसवा. मॉनिटर राहिला, वायर राहिली म्हणत माझ्याकडं येऊ नका."

त्यानंतर पाच महिने दर रविवारी दाजी माझ्याकडं येत. आले की आधी माझंच वजन करत, कारण माझ्याकडं बायकोनं घेतलेला पायाखालचा काटा होता. "गेल्या रविवारपरीस चारशे कमी. सर, सैपाक करताय का निस्तं वाचताय?" मग पिशवीतून अक्कांनी दिलेल्या भाकरी निघत, आणि आम्ही दोघं मोबाइलच्या पडद्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांची माहिती वाचत बसत असू. मी आयुष्यभर मुलांना कविता शिकवली. कुठला प्रोसेसर कुठल्या मदरबोर्डवर बसतो आणि कुठला बसत नाही हे साठाव्या वर्षी शिकताना मला जी धाप लागे, ती दाजींना कधी लागली नाही. त्यांना एकच शंका असे, "हे सगळं ठीक हाय, पण भरतंय किती?"

पहिली खरेदी सोलापूरला झाली, ती एसएमपीएसची. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा हा लोखंडी डबा. दुकानदारानं तीन डबे पुढं ठेवले आणि सांगितलं की तिन्ही साडेचारशे वॅटचे आहेत. दाजींनी खिशातून हुकाचा काटा काढला. दुकानदार हसला, दुकानातली गिऱ्हाइकं जवळ आली. पहिला डबा सातशे ग्रॅम, दुसरा नऊशे, तिसरा दीड किलोच्या वर. "ह्या दोघांत काय भरलंच न्हाय, आन वॅट तेवढंच लिवलंय," असं म्हणून त्यांनी तिसरा उचलला. मला वाटलं, आपण फसलो. घरी येऊन शोधलं तर जाणत्या लोकांनीही हेच लिहिलेलं, की स्वस्तातले डबे हलके निघतात, कारण आतलं तांबं आणि लोखंड वाचवलेलं असतं. ही गोष्ट मी दाजींना सांगितली ती माझी चूक. त्यानंतर त्यांनी कॅबिनेटही वजनावर घेतलं. दुकानदार काचेच्या भिंतींचं, आत रंगीत दिवे लागणारं दाखवत होता. दाजी म्हणाले, "वरात काढायची न्हाय आपल्याला. पत्र्याचं द्या." ते पत्र्याचं धूड मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं परत आलो. कंडक्टर नुसता बघून पुढं चालला होता, दाजींनीच त्याला थांबवलं आणि सांगितलं, "सात किलो आठशे. लगेजचं तिकीट फाडा." कंडक्टर म्हणाला, "बाबा, मी काय मागितलं का?" दाजी म्हणाले, "मागायचं तुमचं काम हुतं. लोड हाय तर नोंद पायजे."

ग्राफिक्स कार्ड जुनं घ्यावं लागणार होतं, नव्याला पैसे पुरत नव्हते. ते विकणाऱ्या लातूरच्या पोराला दाजींनी फोनवर विचारलं, "किती हंगाम चाललंय? हंगामाभाईर बंद ठेवलं हुतं का तसंच फिरवलं?" त्या पोराला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यानं खरं सांगितलं आणि पाचशे रुपये उतरवले. खरा घोळ झाला तो रॅमवर. बोटभर पट्टी, इतके पैसे, आणि हुकाच्या काट्यानं ती दाखवलीच नाही, शून्याच्या शून्य. दाजींनी शेजारच्या किराणा दुकानातला काटा मागून आणला. पस्तीस ग्रॅम. प्रोसेसर तर त्याहूनही थोडा कमी. दोन रविवार खरेदी थांबली. "सगळ्यात महाग तेच सगळ्यात हलकं, हे कसं म्हणायचं?" असं ते पुन्हा पुन्हा विचारत. शेवटी मी माझ्या दोन वह्या आणल्या, एकाच दुकानातल्या, सारख्याच पानांच्या. एक कोरी होती, दुसऱ्या वहीत बायकोच्या आजारपणात मी रोज दोन ओळी लिहिल्या होत्या. दाजींनी दोन्ही तोलल्या. मग अदलाबदल करून पुन्हा तोलल्या. आकडा तोच. दुसरी वही त्यांनी उघडली नाही, माझ्याकडंही बघितलं नाही. दोन्ही वह्या एकावर एक ठेवून म्हणाले, "म्हंजे काट्यावर येत न्हाय असाबी माल असतो म्हणायचा. घ्या ती पट्टी."

सगळं आलं, ढोकीला दाजींच्या घरी जोडलं गेलं, पडदा उजळला. आणि मग दाजी अडले. स्टेअरिंग घ्यायचं राहिलं होतं. बटणं दाबूनही गेम खेळता येतो, असं मी सांगितलं, तर म्हणाले, बटणं दाबून लिफ्ट चालते, ट्रक न्हाय. पण स्टेअरिंग धरलं तर शपथ मोडते. आई जाऊन वीस वर्षं झाली होती; तिला 'शपथेतून सोडव' म्हणावं, तर ती नव्हती. मी पुस्तकी माणूस, मी शपथेचे शब्द नक्की काय होते ते विचारू लागलो. अक्का भाकरी थापत ऐकत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सासूबाईंनी शपथ कशापायी घातली? तुम्ही रोज घरी जित्तं यावं म्हणून. ह्यात घराभाईर जायचंच न्हाय तर मोडती कशी?" दाजींना ते पटलं. पण देवाला न सांगता नको, म्हणून आम्ही विकत आणलेलं स्टेअरिंग घेऊन सोनारीला गेलो. पुजाऱ्यानं नारळ घेतला, स्टेअरिंगला गुलाल लावला आणि विचारलं, "गाडी कुठं लावलीया?" दाजी म्हणाले, "घरी हाय. टेबलावर."

पहिल्या दिवशी अक्कांनी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना गाद्या टाकल्या. "पडलं तर लागू नये," म्हणाल्या, आणि त्या गमतीनं म्हणत नव्हत्या. दाजींनी गेममधला सगळ्यात जड माल निवडला. रस्ते कुठल्याशा परदेशातले, दोन्हीकडं बर्फाचे डोंगर, आणि त्यातून दाजी ताशी तीसनं निघाले. पाठीमागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. दाजींच्या कपाळावर घाम आणि तोंडावर असं काही होतं की मी पडद्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत राहिलो. दुपारी अक्का जेवायला बोलवायला आल्या, तर म्हणाले, "गाडी भरलेली हाय." अक्का म्हणाल्या, "डायवर ढाब्यावर थांबत्यात. ढाबा लागलाय, उतरा."

त्या गेममध्ये रस्त्यात वजनकाटे लागतात. बहुतेक खेळणारे वैतागून ते चुकवतात. दाजी काटा दिसला की वेग कमी करत, पट्टीवर गाडी अलगद उभी करत, आणि वजन उमटलं की हॉर्न दोनदा देऊन रिकाम्या खिडकीकडं बघून मान लववत. मी एकदा म्हणालो, "दाजी, तिथं आत कुणी नाहीये." ते म्हणाले, "आमच्या खिडकीकडं बघून डायवर हेच समजत हुते. बत्तीस वर्षं." आणि माल उतरवला की गेम पुढचं काम देई; दाजी ते घेत नसत. रिकामा ट्रक वळवून ते तेवढंच अंतर मागं, त्याच काट्यावर जात. गेमला त्याची गरज नव्हती, त्याचे गुणही मिळत नव्हते. पण वहीत तीन रकाने आखलेले होते: भरलेलं, रिकामं, माल.

दोन वर्षं त्यांनी अशी गाडी चालवली. गेल्या हिवाळ्यात, हंगाम जोरात असताना, छातीत दुखायचं निमित्त होऊन दाजी गेले. तेरावं झाल्यावर अक्कांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "ते सुरूच केलं न्हाय त्या दिसापासनं. बघा जरा." मी कॉम्प्युटर सुरू केला. बर्फाच्या रस्त्यावर एका वळणाशी ट्रक थांबलेला होता, रिकामा, तोंड काट्याकडं. वही शेजारीच होती. शेवटच्या ओळीत भरलेल्याचा आकडा होता आणि पुढचे दोन रकाने कोरे होते.

मला स्कूटरशिवाय काही येत नाही. मी खुर्चीवर बसलो, स्टेअरिंगवर गुलाल अजून फटीत होता. अक्कांनी दोन्ही बाजूंना गाद्या ओढल्या. मी ताशी वीसनं निघालो, दोनदा कठड्याला घासलो, आणि शेवटी कशीबशी गाडी पट्टीवर उभी केली. कोपऱ्यात आकडा उमटला.

"हॉर्न द्या की," मागून अक्का म्हणाल्या. "दोनदा देत असायचे."

मी दोनदा हॉर्न दिला. मग त्यांच्याच पेननं रिकाम्याच्या रकान्यात आकडा लिहिला. ती वही अक्कांनी मला दिली, आता ती माझ्या दोन वह्यांशेजारी असते. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतो तो माल, हे गणित चौथीतल्या पोरालाही जमेल. तो तिसरा रकाना मात्र मी अजून भरलेला नाही.