चूळ

काकूंनी पाण्याची बाटली उचलली, झाडामागे गेल्या आणि चूळ भरली. एकदा भरून भागलं नाही, तीन-चारदा भरली. खळखळ आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. मग परत येऊन सुनेकडून सॅनिटायझर मागून घेतलं आणि पार कोपरापर्यंत हात चोळले. त्यांच्या कागदी प्लेटमध्ये माझी अर्धी रोटी उरली होती. दीड पोटात गेली होती. ती काही चूळ भरून निघणार नव्हती.

दोन हजार एकवीसचा उन्हाळा. आयर्लंडमध्ये डून लेरीला समुद्राच्या अंगाला एक बाग आहे, तिथे मराठी लोकांची सहल होती. वर्ष-दीड वर्ष सगळे घरात कोंडलेले. उघड्यावर भेटायची मोकळीक मिळाली तसे कोणी डब्लिनहून, कोणी मेनूथहून आले. आम्ही ॲथलोनहून दोन तास गाडीत बसून गेलो. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, असं ठरलं होतं. कोणाच्या पुऱ्या, कोणाचं श्रीखंड, कोणाची बटाट्याची भाजी. मी लांब रोट्या नेल्या होत्या.

लांब रोटी म्हणजे आमच्या नागपूरकडची. पातळसर पीठ हातावर खेळवून कोपरापर्यंत पसरायचं आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचं. माझी बायको शेवंता हेच काम करायची. लग्नाकार्याच्या ऑर्डरी घ्यायची. पीठ मी कालवून द्यायचो. मोठमोठ्या घरच्या लग्नांत तिच्या रोट्या गेल्या. रोटी मांडवात जायची, शेवंता मागच्या बाजूला चुलीपाशी बसायची. जेवायला बोलावलं तर सगळ्यात शेवटी, तिथेच, मागे.

ती एकोणीसच्या दिवाळीनंतर गेली. तापाचं निमित्त झालं. मुलगा आला, सगळं उरकलं, आणि मला इकडे घेऊन आला. म्हणाला, तीन महिने राहा, मन रमेल. तेवढ्यात कोरोना आला, विमानं बंद झाली. इथल्या सरकारने आमच्यासारख्यांचा मुक्काम वाढवत नेला. मी राहिलो.

तर त्या सहलीत ह्या काकू माझ्या शेजारी बसल्या. मंदारची आई. मंदार म्हणजे माझ्या मुलाच्याच कंपनीत त्याच्या वरच्या जागेवर. काकूही माझ्यासारख्याच मुलाकडे येऊन अडकलेल्या. त्यांनी रोटीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "काय मऊ आहेत हो. कोणी केल्या?"

"मी. बायको करायची. ती गेली. तिचं पाहून पाहून आलं."

"अगंबाई, पुरुषमाणूस असून?" त्यांनी दुसरी घेतली. "आमचे हे बदलीवर नागपूरला होते. तेव्हा खाल्ली होती एका लग्नात. इतक्या वर्षांनी ती चव आली बघा. तुम्ही नागपुरात कुठले?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं. सत्तरी आली, राहतो ते ठिकाण सांगताना विचार करायची सवय नाही मला.

त्यांचा घास थांबला. "म्हणजे ती पुलापलीकडची?"

"हो, तीच."

"पण तुमच्या मुलाचं आडनाव तर..."

"ते त्याने इकडे यायच्या आधी बदलून घेतलं. गावावरून लावलं."

 त्यांनी प्लेट खाली ठेवली. बाटली उचलली. पुढचं वर सांगितलंच.

मग मंदार आला. आईने त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं. चांगला पोरगा, हसून बोलणारा. म्हणाला, "काका, हा डबा जरा तिकडे ठेवतो हं. कोविड आहे ना, उघडं नको."

माझ्या डब्याला झाकण होतं. मंदारच्या घरच्या पुऱ्या उघड्या होत्या. श्रीखंडावर माशी बसली होती. त्याने झाकणाचा डबा उचलला आणि झुडपापाशी, जिथे उष्ट्या प्लेटांची काळी पिशवी ठेवली होती, तिथे नेऊन ठेवला.

 तिथे वीसेक माणसं होती. सगळी शिकलेली. दोघं डॉक्टर. मुलगा समुद्राकडे बघत राहिला. त्याने सगळं पाहिलं होतं, मला माहीत आहे.

नात माझी दहा वर्षांची. सान्वी. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र इथल्या पोरांसारखं इंग्रजी. ती पळत आली आणि सगळ्यांदेखत विचारलं, आजोबा, आपला डबा कचऱ्यापाशी का ठेवलाय?

मी उत्तर दिलं नाही. तिच्या बापानेही दिलं नाही. सुनेने डबा उचलून गाडीत नेऊन ठेवला.

 परत येताना गाडीत नात झोपली तसा मुलगा म्हणाला, "बाबा, वस्तीचं नाव सांगायची काय गरज होती? नुसतं नागपूर म्हणायचं ना."

"काहून रे? मी काय चोरी केली?"

"तसं नाही हो. इथे कोणी विचारत नाही असलं काही. उगाच आपण होऊन..."

"मी आपण होऊन नाही सांगितलं. तिने विचारलं."

 पण मुलाचं ते बोलणं ऐकून मला जे झालं ते काकूंच्या चुळीने झालं नव्हतं. काकू परक्या. त्यांच्यासारख्या बाया मी जन्मभर पाहिल्या. मी एका टॉकिजात डोअरकीपर होतो. अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्चीवर नेऊन बसवायचो. लोकांची करमणूक आत, मी दारात. सणासुदीला तर सुटीच नाही, कारण सण म्हणजे हाउसफुल. कोणी हातात तिकीट द्यायचा, कोणी बोट लागू नये म्हणून दोन बोटांत धरून लांबून सोडायचा. खाली पडलं की मी उचलायचो. ते पाठ झालं होतं. त्याच पगारावर आणि शेवंताच्या रोट्यांवर हा मुलगा इंजिनियर झाला. आणि तोच सांगत होता की आईचं घर कुठलं ते बोलू नका.

हे काही एकदम झालं नव्हतं. आदल्या वर्षी गणपतीत ह्याच मराठी लोकांनी झूमवर हाउजी ठेवली होती. सगळी घरं कॉम्प्युटरच्या डब्यात. आमच्या हॉलच्या भिंतीवर मी दोन फोटो लावले होते, एक शेवंताचा, एक निळ्या कोटातला. आमच्या घरात तो फोटो नाही असा दिवस मी पाहिला नाही. हाउजीच्या आधी मुलाने निळ्या कोटातला काढला आणि प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. म्हणाला, मागे नीट दिसत नाही. मी पाहिलं आणि गप्प बसलो. नुकतीच बायको गेलेली, परका मुलूख, बाहेर पडायची बंदी. भांडायला अंगात जीव लागतो. दुसऱ्या दिवशी परत लावला.

टीव्हीवर रोज सांगायचे, दोन मीटर लांब राहा. सून म्हणायची, बाबा, सवय होत नाही हो. मला हसू यायचं. आमच्या बापजाद्यांना ह्याच्यासाठी टीव्ही लागला नव्हता.

आमच्या शेजारी टॉम राहतो. माझ्याच वयाचा, त्याचीही बायको गेलेली. आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलायचो. माझं इंग्रजी म्हणजे सिनेमाच्या पोस्टरवरचं, पण तो सावकाश बोलतो, हातवारे करतो. तरुणपणी तो पोटासाठी अमेरिकेला गेला होता. एका बारमध्ये ग्लास धुवायचा. वर्षभर त्याला कोणी त्याच्या नावाने हाक मारत नसे, पॅडी म्हणत. आयरिश माणूस म्हणजे पॅडी. आणि ह्या लोकांचा मार्चमधला सण आला की मालक त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी घालून त्याला टेबलावर चढवायचा, गिऱ्हाइकांसमोर नाच म्हणायचा. स्वतःचाच सण, आणि हा त्यातला विदूषक. जेवण मागे, भांड्यांपाशी.

सहलीनंतर काही दिवसांनी मी त्याला डब्याचं सांगितलं. जमेल तसं. झाडामागची चूळ करून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, एका वर्षी मी टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि घरी गेलो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, नोकरी गेली. पण झोप ग्रँड लागली."

इथे सगळ्याला ग्रँड म्हणतात. तब्येत ग्रँड, चहा ग्रँड. मी घरात आलो. मला त्या सहलीपासून झोप नव्हती.

दसऱ्याला लोकांना घरी बोलवायची पाळी आमची होती. तोवर बंदी बरीच उठली होती. मुलगा आठवडाभर आधी माझ्या खोलीत येऊन बसला.

"बाबा, मंदारकडचे येणार आहेत. त्याची आई पण. तुम्ही फक्त रोट्या करू नका. आणि पांढरे कपडे नकोत. आणि ते फोटो..."

"प्रेसमध्ये?"

"दोन तासांचा प्रश्न आहे, बाबा. मला त्यांच्यात राहायचंय इथे."

दसरा म्हणजे आमचा कोणता दिवस, ते त्याला सांगायला नको. त्या दिवशी नागपुरात आमच्या माणसांनी जुना धर्म टाकला. मी बापाच्या खांद्यावर होतो, पाच-सहा वर्षांचा. गर्दी आठवते, पांढरे कपडे आठवतात. माझा बाप अंगठेबहाद्दर, पण त्या दिवशी तो ताठ चालत होता, ते मला वरून कळत होतं. पुढे दरवर्षी शेवंता आणि मी पांढरं नेसून जायचो. टॉकिजचा मॅनेजर रजा द्यायचा नाही. पगार कापून घ्यायचो, पण जायचो. सगळ्या वर्षात तेवढा एकच सण माझा होता.

मी मुलाला म्हणालो, "फोटो राहतील. कपडे राहतील. रोट्या होतील. तुला लाज वाटत असेल तर तू वरच्या खोलीत बस."

तो उठून गेला. सून दारात उभी होती.  दसऱ्याच्या दिवशी सकाळी तिने मोठी कढई घासून शेगडीवर पालथी घालून ठेवली होती. इथे मडकं कुठलं मिळायला.

संध्याकाळी मी पांढरा सदरा-पायजमा घातला आणि रोट्यांचे तुकडे ताटात घेऊन दारात उभा राहिलो. सवय होती. आलेल्या माणसाला म्हणायचो, या, आधी तुकडा घ्या, मग आत. कोणी घेतला. कोणी माझ्याकडे, मग आतल्या भिंतीकडे बघितलं आणि मग घेतला. एकाने घेऊन हळूच खिशात टाकला, तेही मी पाहिलं.

मंदारची गाडी आली. काकू ठेवणीतलं नेसून उतरल्या. दारातून त्यांना समोरची भिंत दिसत होती.

"घ्या काकू. त्या दिवशीचीच."

"आज माझा उपास आहे."

"दसऱ्याला उपास? असू दे. नका खाऊ. पण एक सांगतो. माझ्या सुनेच्या हातचं पाणी पिऊन मग बाहेर जाऊन चूळ भरणार असाल, तर आत येऊ नका. त्या दिवशी माझ्या नातीने पाहिलंय."

मंदार म्हणाला, "काका, सणाच्या दिवशी कशाला हे?"

"आमचाही सणच आहे."

मुलगा मागून आला.  "बाबा, बाजूला व्हा."

मी झालो नाही. माझे गुडघे दुखत होते, ताट जड झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला खाली बसावंसं वाटत होतं. पण मी झालो नाही.   काकू वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. मंदारही गेला. आतले दोन-तीन जणही थोड्या वेळाने काहीतरी काम सांगून निघाले.

मुलगा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलतो. ऑफिसातही त्याला काही ऐकावं लागलं असेल. तो सांगत नाही. मी त्याला दोष देत नाही, पण माफही करत नाही.

दुसऱ्या दिवशी सान्वीला जवळ बसवलं आणि तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. डबा कचऱ्यापाशी का होता. काकूंनी चूळ का भरली. तिची आजी मांडवामागे का बसायची. मराठीतच सांगितलं, काही गाळलं नाही. ती रडली नाही. इंग्रजीत एवढंच म्हणाली, मग मी त्यांच्या पुऱ्या का खाल्ल्या?

आता विमानं सुरू झाली आहेत. मुलगा माझं परतीचं तिकीट बघतो आहे. मी जाईन तेव्हा जाईन. तोवर नाताळ आहे, नवं वर्ष आहे, मराठी मंडळींच्या भेटीगाठी व्हायच्याच. मुलगा म्हणतो, यापुढे बाहेरच कुठेतरी जमू, घरी नको.

जमा. मीही येणार. डबा घेऊन येणार आणि टेबलाच्या मधोमध ठेवणार. ज्याला खायचं त्याने खावं, नसेल खायचं त्याने खाऊ नये. पण कोणी उचलून बाजूला ठेवला तर सगळ्यांसमोर विचारणार, का. आणि कोविड हे उत्तर घेणार नाही.