पोरीनं हाक मारली अक्काला

आभाळात इमानाच्या इंजनाचा आवाज बंदच पडला. एकदम. मी म्हनलं आता खाली येतंय, आता येतंय, आन् आलंच की ते! इमानतळाच्या कुंपणापल्याड ज्वारीत धाडदिशी आदळलं. माझी तीन वर्साची पोर आत. चपला टाकून पळाले.

आत माझी थोरली जाऊ पण होती. तिला आमी अक्का म्हनायचो. थोरले दीर एका मिलमालकाची मोटार चालवायचे. मालकाकडं पावणे छोटं इमान घेऊन आलेले. पायलट दिरांना म्हनला, "तुमच्या मंडळींना एक चक्कर मारून आणतो." अक्कानं इरकल लुगडं नेसलं. मला म्हनली, "तू पण चल की गं." मी भ्याले. "मग पोर दे, मांडीवर बसंल." द्यायचं काय, पोर तिच्याच कडेवर होती.

कायम तितंच असायची. अक्काला लेकरू न्हाय. घरात नणंदा, धाकले दीर मला वैनी म्हनायचे, ते ऐकून पोरगी पण मला वैनीच म्हनायची. आन् अक्कानं सोताला आई म्हनायला शिकवलेलं. समदी हसायची. मी पण हसायची, मग चुलीपाशी जाऊन डोळं पुसायची.

इमान उडालं तवा, खरं सांगते, मला काळजी न्हाय, जळफळाट झाला. माझी पोर पयल्यांदा आभाळातनं सोलापूर बगणार, ते पण तिच्या मांडीवरनं!

पळताना ज्वारीच्या पात्यांनी हात कापले. बगते तर पंख बांधावर मोडून पडलेला, पायलटच्या कपाळातनं रगत. अक्का ढेकळांत बसलेली, उजवा हात कोपरापासनं वाकडा. डाव्या हातानं पोरीला आवळलेलं. पोरीला खरचटलं पण न्हवतं. "आई! आई!" करून रडत होती. मी हात पुढं केले, तर तिनं अक्काच्या गळ्याला मिठी मारली.

मी पोर हिसकून घेतलीच. अक्काचा मोडका हात ओढला गेला, ती किंचाळली.

"अगं हळू!"

"माझी हाय ती."

"व्हय गं बाई, तुझीच. पडताना मी सोडली का तिला?"

दिरांनी अक्काला आन् पायलटला दवाखान्यात न्यायला मोटारीत बसवलं. पोरगी माझ्या खांद्यावरनं तिच्याकडं झेपावत होती. अक्का म्हनली, "दे की जरा जवळ. भ्यालीय ती, गप हुईल."

झाली असती गप. मला म्हाईत होतं. न्हाय दिली. पोरीचं तोंड पदरात दाबून धरलं, मोटार निघून गेली तरी.

तुमी काय केलं असतं? दिली असती?