फागीची सारवलेली भिंत

सूर्यमाळजवळच्या पाड्यावरची फागी जव्हारच्या दिवाणी न्यायालयात साक्षीला उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भेगा तिनेच बुजवल्या होत्या.

फागी पंचावन्नची. वीस हंगाम तिने नवऱ्याबरोबर, भिकाबरोबर, वीटभट्टीवर काढले आणि त्यातून पाड्यावर विटांचं घर उभं केलं. दोन वर्षांपूर्वी खालच्या वळणावर रस्ता रुंद करणाऱ्या कंपनीने खडकात सुरुंग लावले आणि घराच्या तीन भिंती तडकल्या. पुतण्या भावेशने मोबाइलवर फोटो काढले. तो मोबाइल पुढे भिवंडीत चोरीला गेला. कंपनी दाद देईना. तेवढ्यात मुलीचं, रविनाचं, लग्न ठरलं. भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिल्याशिवाय इथे लग्न लागत नाही. फागीने भेगांत माती भरली, भिंती सारवल्या. नोटीस, दावा हे सगळं त्यानंतरचं. दावा बुडाला तर भिंती पाडून पुन्हा बांधणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

कंपनीच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. "भेगा होत्या, तर बुजवल्या कशाला बाई?"

"लगीन होतं साहेब. फाटक्या भितीवर चौक लिवला असता, तर लगीन लावायला आलेली धवलेरी आल्या पावली परत गेली असती."

"म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केलात."

"माझ्याकडचा गेला. तुमच्याकडचा हाय ना."

सुरुंगानंतर तिसऱ्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर घरी आला होता. त्याने भेगा मोजल्या, आकडे कागदावर उतरवले. टेपचं दुसरं टोक फागीने धरलं होतं.

बाहेर आल्यावर तिची वकील हर्षदा म्हणाली, "मावशी, हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तू भेगांचं विचारलंस. टेपचं कुठं विचारलंस?"

हर्षदाने तो अहवाल मागणारा अर्ज दिला. कंपनीने उत्तर दिलं, अहवाल आहे, पण तो वकिलाच्या सल्ल्यासाठी केलेला. वकील आणि अशील यांच्यातली ती खासगी बाब आहे, कोर्टापुढे आणता येणार नाही.

"असं असतं का?" फागीने विचारलं.

"असतं. तू मला जे सांगतेस, तेही मला कोणी विचारू शकत नाही."

"मंग कागद त्यांचाच ऱ्हायला?"

"वकिलासाठी लिहिला असेल तर. तेव्हा त्यांनी वकील नेमला होता का, ते बघायचं."

"इंजिनिअरसंगं वकील नव्हता. डायवर होता."

हर्षदाला हसू आलं. पुढच्या तारखेला तिने इंजिनिअरलाच शपथेवर विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक सुरुंगानंतर आसपासच्या घरांची पाहणी करून आम्ही अहवाल साइट मॅनेजरकडे पाठवतो. तसाच हाही पाठवला. वकील नेमला गेला तो पाच महिन्यांनी, फागीची नोटीस आल्यावर.

न्यायाधीशांनी आदेश दिला. रोजच्या कामाचा कागद नंतर वकिलाच्या फायलीत लावला, म्हणून तो गोपनीय होत नाही. अहवाल हजर करा.

अहवाल आला. फागीने सांगितलेल्या तिन्ही भेगा त्यात लांबी-रुंदीसह होत्या. चौथीही होती, मागच्या जोत्यात. तिथे लाकडाच्या मोळ्या रचलेल्या असल्याने फागीने ती कधी पाहिलीच नव्हती. इंजिनिअरने मात्र वाकून, बॅटरी मारून पाहिली होती.

व्हरांड्यात कंपनीचे वकील स्वतःहून जवळ आले. "बाई, तीन भिंतींचं आपसात मिटवू. कशाला तारखा घेत बसायच्या?"

"आनी जोत्याचं?"

"ते तुमच्या दाव्यात नाही."

"मना ठावंच नव्हतं, तर कसं लिवनार? तुमाला ठावं होतं." ती हर्षदाकडे वळली. "आधी जोतं लिव. मिटवायचं मंग बोलू."

हर्षदाने दावा दुरुस्तीचा अर्ज तिथेच लिहायला घेतला.